आकडे उसने चालतील; घड्याळ आणि जमीन स्वतःची हवी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून नाशिकला राहतो. जुन्या नाट्यसंगीताची आणि खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे मी लॅपटॉपवर साठवली आहेत. लॅपटॉपला यूएसबीने एक छोटा कन्व्हर्टर जोडला आहे, ज्याला सगळे ‘डॅक’ म्हणतात. तिथून लाल-पांढऱ्या पिनांची केबल माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जाते. अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग तीन पिनी आहे. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून खर्जात घूंऽऽ असा आवाज येतो. चार्जर काढला की थांबतो. माउस हलवला की बारीक चिरचिरही ऐकू येते. गायक समेवर येऊन थांबतो, फक्त तंबोरे उरतात, आणि नेमकी तेव्हाच ही घरघर कानात शिरते. एका परिचितांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितले. दुकानदार म्हणतो, ‘यूएसबी आयसोलेटर घ्या, घरघर जाईल आणि क्लॉकही सुधारेल.’ हे गॅल्व्हॅनिक आयसोलेशन म्हणजे नेमके काय? डॅकमध्ये घड्याळ कुठे असते? आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी खरोखर संबंध आहे का?

उत्तर : आयसोलेशनकडे वळण्याआधी एक विनंती. अर्थिंगची पिन काढू नका, आणि काढली असेल तर आजच नवा प्लग बसवून घ्या. अ‍ॅम्प्लिफायरची धातूची पेटी त्या पिनेने जमिनीशी जोडलेली असते. आतली एखादी वायर सुटून पेटीला टेकली, तर प्रवाह त्या वाटेने जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर २३० व्होल्ट पेटीवर तसेच राहतात, आणि लाल-पांढऱ्या केबलच्या जाळीतून डॅकवर आणि लॅपटॉपवरही पोचतात. पहिला हात कोणाचा लागेल ते सांगता येत नाही. घूंऽऽ घालवण्याचे सुरक्षित उपाय आहेत, त्यासाठी घरातल्या कोणाचा जीव धोक्यात घालण्याची गरज नाही.

घूंऽऽ येते कुठून?

चार्जर काढला की आवाज थांबतो, या तुमच्या निरीक्षणात अर्धे निदान झालेले आहे. पुष्कळ लॅपटॉपचे चार्जर तीन पिनी असतात आणि त्यांच्यात अर्थिंगची तार बाहेर येणाऱ्या डीसीच्या ऋण बाजूला जोडलेली असते. हीच ऋण बाजू म्हणजे लॅपटॉपचा ग्राउंड, त्याची ‘जमीन’. आता वाट बघा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात : एक ५ व्होल्टची, दोन डेटाच्या आणि चौथी ग्राउंडची. या चौथ्या तारेने लॅपटॉपचा ग्राउंड डॅकमध्ये जातो, डॅकमधून लाल-पांढऱ्या केबलच्या जाळीने अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीत, पेटीतून तीन पिनी प्लगने भिंतीतल्या अर्थिंगमध्ये, आणि अर्थिंगमधून परत चार्जरला. वर्तुळ पूर्ण झाले. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

घरातल्या दोन सॉकेटांच्या अर्थिंगची पातळी कधी तंतोतंत सारखी नसते. फ्रीज, पंप, संगणक यांचा थोडाथोडा गळतीचा प्रवाह त्या तारांतून वाहत असतो. शिवाय हे मोठे वर्तुळ आसपासच्या वायरिंगचे चुंबकीय क्षेत्रही टिपते. परिणामी केबलच्या जाळीतून ५० हर्ट्झचा बारीक प्रवाह फिरत राहतो. जाळीला थोडा रोध असतोच, म्हणून तिच्या दोन टोकांत काही मायक्रोव्होल्टपासून एखाद्या मिलिव्होल्टपर्यंत फरक पडतो. या प्रकारच्या केबलमध्ये जाळी हीच संगीताची परतीची वाट असते. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरला तो फरक संगीतापासून वेगळा ओळखता येत नाही आणि तो त्यालाही मोठा करून स्पीकरला देतो.

डॅकचा पूर्ण ताकदीचा आवाज साधारण २ व्होल्टचा असतो. १ मिलिव्होल्ट म्हणजे त्याचा दोन हजारावा भाग, ६६ डेसिबल खाली. तान चालू असताना तो झाकला जातो आणि तंबोरे उरले की उघडा पडतो. तो इतका का खुपतो यालाही कारण आहे. ५० हर्ट्झ आणि त्याची दुप्पट १०० हर्ट्झ हे दोन्ही सूर बाजाच्या पेटीवरच्या पांढरी पाचपेक्षा किंचित चढे पडतात, पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत. पेटीच्या कोणत्याच पट्टीला तो सूर आपला वाटत नाही. तुमच्या कानाने तो हेरला, यात आश्चर्य नाही.

माउसच्या चिरचिरीचे मूळही याच वाटेवर आहे. माउस हलला की प्रोसेसरला काम लागते, त्याचा प्रवाह वरखाली होतो आणि लॅपटॉपचा ग्राउंड त्याच्याबरोबर थरथरतो. यूएसबीचे काम हप्त्याहप्त्याने चालते : जुन्या १२ मेगाबिटच्या वेगात सेकंदाला १,००० वेळा, ४८० मेगाबिटच्या वेगात सेकंदाला ८,००० वेळा. हे दोन्ही आकडे आपल्या ऐकण्याच्या पट्ट्यात येतात, म्हणून गळती झाली तर बारीक शिट्टी ऐकू येते.

अंतरपाट

‘गॅल्व्हॅनिक’ हा शब्द इटलीतल्या बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानींच्या नावावरून आला. धातूंच्या स्पर्शाने मेलेल्या बेडकाचा पाय आखडतो, हे त्यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात मांडले. वाहकाच्या सलग वाटेने जाणाऱ्या प्रवाहाला पुढे त्यांचे नाव चिकटले. दोन मंडलांमधली ही सलग वाट पूर्णपणे तोडायची आणि तरीही निरोप पलीकडे पोचवायचा, याला गॅल्व्हॅनिक आयसोलेशन म्हणतात.

आपल्या लग्नातला अंतरपाट आठवा. वधू-वर समोरासमोर उभे असतात, मंगलाष्टका दोघांच्याही कानी पडतात, पण मध्ये कापड असल्याने स्पर्श होत नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हा अंतरपाट तीन प्रकारांनी धरतात. ट्रान्सफॉर्मरमध्ये निरोप चुंबकीय क्षेत्रातून जातो. कपॅसिटरच्या आयसोलेटरमध्ये विद्युत क्षेत्रातून. आणि तिसरा प्रकार प्रकाशाचा : एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा डोळा. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ऑप्टिकल ऑडिओ केबल याच जातीची. संगणकाच्या नेटवर्क केबलच्या खोबणीमागेही लहान ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणून इथरनेटला हे संरक्षण जन्मापासून मिळाले आहे. यूएसबीला मिळाले नाही.

यूएसबीवर अंतरपाट धरणे अवघडही आहे. तिच्या त्याच दोन तारांवर कधी संगणक बोलतो, कधी उपकरण. आता कोणाची पाळी, हे मधल्या आयसोलेटरला स्वतः ओळखावे लागते. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस या कंपनीने एडीयूएम ४१६० ही एक चिप बनवून हे काम सोपे केले. तिच्या आत सूक्ष्म ट्रान्सफॉर्मर आहेत आणि त्यांच्या वेटोळ्यांमध्ये पॉलिइमाइडचा पातळ थर आहे. मात्र तिची धाव १२ मेगाबिटपर्यंतच. ४८० मेगाबिट पेलणाऱ्या चिपा बऱ्याच उशिरा आल्या.

हा वेगाचा मुद्दा खरेदी करताना महत्त्वाचा ठरतो. १२ मेगाबिटच्या यूएसबीत ध्वनीला दर मिलिसेकंदाला जास्तीत जास्त १,०२३ बाइटांची जागा मिळते, म्हणजे सेकंदाला सुमारे ८.२ मेगाबिट. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचे स्टिरिओ संगीत ४.६ मेगाबिटमध्ये बसते. १९२ किलोहर्ट्झला ९.२ लागतात, ते बसत नाही. म्हणून कमी वेगाचा आयसोलेटर लावल्यावर काही डॅक ९६ वर अडकतात, आणि ज्यांना १२ मेगाबिटचा वेग येतच नाही ते अजिबात ओळखले जात नाहीत.

आणखी एक अट वीजपुरवठ्याची. डेटाच्या तारा तोडल्या आणि ५ व्होल्टची व ग्राउंडची तार तशीच पुढे नेली, तर अंतरपाट धरला आणि खालून हात धरू दिले, असे होईल. म्हणून आयसोलेटरमध्ये स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरवर चालणारा छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर असावा लागतो, किंवा पलीकडच्या बाजूला वेगळा अ‍ॅडॉप्टर द्यावा लागतो. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह मिळतो, पण आयसोलेटरच्या पलीकडे बहुधा त्याहून कमी उरतो.

कापड किती जाड?

अंतरपाटाच्या दोन बाजू जवळ असल्याने त्यांच्यात थोडी कपॅसिटन्स राहतेच. ती १० पिकोफॅरड धरू. ५० हर्ट्झच्या घरघरीला तिचा अडथळा सुमारे ३२ कोटी ओहमचा होतो. ही दगडी भिंत आहे. तुमची घूंऽऽ तिथे थांबणार. पण १०० मेगाहर्ट्झच्या गोंगाटाला तोच अडथळा फक्त १६० ओहम वाटतो. त्याच्यासाठी हे मलमलीचे कापड आहे. म्हणून ‘आयसोलेटर लावला की संगणकाचा सगळा गोंगाट बंद’ हा दावा पूर्ण खरा नाही. खर्जातली घरघर आणि माउसची चिरचिर जाते. उच्च वारंवारतेचा गोंगाट कमी होतो, आणि उरलेल्यासाठी डॅकच्या आत गाळण्या लागतात.

घड्याळ कोणाचे?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. सीडीच्या दर्जाच्या संगीतात दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. दोन वाहिन्या आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा धरला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. एवढे आकडे नेणे यूएसबीला जड नाही. पण डॅकने प्रत्येक आकड्याचे व्होल्टमध्ये रूपांतर नेमक्या क्षणी करायचे असते. तो क्षण क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे ऑसिलेटर ठरवते. यालाच क्लॉक म्हणतात.

संगणकातही स्फटिक असतो आणि डॅकमध्येही. दोन घड्याळे कितीही चांगली असली तरी एकसारखी चालत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत ५० चा फरक धरा, म्हणजे दिवसाला सुमारे ४ सेकंद. मनगटावरच्या घड्याळाला हे चालून जाते. इथे मात्र दर सेकंदाला दोनहून अधिक नमुने कमी किंवा जास्त पडतात. तीन तासांच्या मैफलीत ही तफावत २३,००० नमुन्यांपलीकडे, अर्ध्या सेकंदावर जाते. डॅकच्या आतली साठवण काही मिलिसेकंदांचीच असते. ती काही मिनिटांत रिकामी होईल किंवा भरून वाहील, आणि ‘टक्’ असा आवाज येईल. यूएसबीवर ध्वनी ज्या पद्धतीने जातो, तिच्यात चुकलेला हप्ता पुन्हा मागवायची सोयही नसते.

यावर जुना उपाय म्हणजे ‘अडॅप्टिव्ह’ पद्धत. तिच्यात डॅक संगणकाच्या मागे चालतो. संगणक दर मिलिसेकंदाला एक हप्ता पाठवतो. ४४.१ नमुने पाठवता येत नाहीत, म्हणून नऊ हप्ते ४४ चे आणि दहावा ४५ चा. या खडबडीत चालीवरून डॅक सरासरी लय ताडतो आणि आपले घड्याळ सतत थोडे पुढेमागे करत राहतो. संगीत तुटत नाही, पण लय दुसऱ्याची राहते आणि संगणकाची चलबिचल तिच्यात उतरते. क्षणांच्या या पुढेमागे होण्याला जिटर म्हणतात.

आजच्या बहुतेक चांगल्या डॅकमध्ये ‘असिंक्रोनस’ पद्धत असते. नाव ऐकून काहींना वाटते की यात घड्याळच नाही. खरे तर यात घड्याळ पूर्णपणे डॅकचे असते. मुदपाकखान्यातला रांजण डोळ्यांपुढे आणा. तोटीची धार डॅकच्या ठेक्यावर एकसारखी चालू आहे. संगणक तांब्यातांब्याने वरून पाणी ओततो. पातळी उतरू लागली की डॅक संगणकाला निरोप धाडतो, ‘थोडे जास्त ओता’. चढू लागली की ‘थोडे कमी’. ४८० मेगाबिटच्या वेगात हप्ता दर १२५ मायक्रोसेकंदांनी येतो, म्हणून ४४.१ किलोहर्ट्झच्या संगीतासाठी हा निरोप ‘हप्त्याला ५.५१२५ नमुने’ या आकड्याच्या आसपास फिरतो. तांब्या कसाही ओतला तरी धारेला त्याचा हिसका बसत नाही.

घड्याळ अंतरपाटाच्या कोणत्या बाजूला?

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येते. संबंध आहे, आणि तो घड्याळाच्या जागेत आहे.

पुष्कळ डॅकमध्ये अंतरपाट यूएसबी केबलवर न धरता पेटीच्या आत धरतात. आधी यूएसबी घेणारी चिप, मग अंतरपाट, मग रूपांतर करणारी चिप. या दोघींमध्ये मोजक्या तारा असतात : बिटांचा ठेका, नमुन्यांचा ठेका, खुद्द आकडे आणि मुख्य घड्याळ. या जागी तारा एकाच दिशेच्या आणि साध्या असल्याने आयसोलेशन सोपे पडते. पण एक सापळा आहे. मुख्य घड्याळ यूएसबीच्या बाजूला बसवले, तर त्याचा ठोका आयसोलेटरमधून डॅककडे जाईल. चांगल्या ऑसिलेटरचा जिटर पिकोसेकंदाच्या आसपास असतो आणि एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग, दशांशचिन्हानंतर बारावे स्थान. साधा डिजिटल आयसोलेटर त्यात सहज शंभर किंवा अधिक पिकोसेकंदांची भर घालतो. जमीन स्वच्छ करायला जावे आणि लय डगमगावी, असे होते.

म्हणून जाणकार रचनाकार घड्याळ डॅकच्या बाजूला, रूपांतर करणाऱ्या चिपेच्या अगदी जवळ ठेवतात. तबलजी गायकाशेजारी बसतो, भिंतीपलीकडच्या खोलीत बसत नाही. घड्याळाची एक प्रत अंतरपाटातून मागे यूएसबीच्या चिपेला पाठवली जाते. ती वाटेत थोडी थरथरली तरी हरकत नाही, कारण तिकडे तिचे काम फक्त आकडे वेळेवर रवाना करण्याचे आहे. आकडे पुढे आले की उंबरठ्यावर फ्लिप-फ्लॉप नावाचा छोटा द्वारपाल त्यांना थांबवतो आणि मूळ स्वच्छ घड्याळाच्या ठोक्यावरच आत सोडतो. प्रवासात झालेली पुढेमागे तिथे पुसली जाते.

एवढे समजले की कोणतीही जोडणी पारखता येते. ऑप्टिकल केबलमध्ये जमीन स्वतःची राहते, पण लय आकड्यांत मिसळूनच येते आणि डॅकला ती त्यातून वेचून काढावी लागते. अंतरपाट नसलेल्या असिंक्रोनस यूएसबीत घड्याळ स्वतःचे, पण जमीन संगणकाची. अंतरपाट आणि डॅकच्या बाजूचे घड्याळ दोन्ही असले, की संगणकाकडून फक्त आकडे घेतले जातात. आकडे उसने घेतल्याने काही बिघडत नाही, त्यांची हुबेहूब प्रत होते. लय आणि जमीन यांची प्रत होत नाही, म्हणून त्या घरच्या असाव्यात.

दुकानदाराचे म्हणणे आता तपासू. तुमचा डॅक असिंक्रोनस असेल तर बाहेरचा यूएसबी आयसोलेटर त्याच्या घड्याळाला हातही लावत नाही. आकडे रांजणात पडेपर्यंतची वेळ रूपांतरात मोजलीच जात नाही. ग्राउंडवरचा गोंगाट कमी झाल्याने ऑसिलेटरचा पुरवठा शांत होईल आणि त्याचा आडवाटेने थोडा फायदा मिळेल, इतकेच. घरघर जाईल हे मात्र त्याने बरोबर सांगितले.

कानाला किती कळते?

१६ बिटांच्या संगीतात २० किलोहर्ट्झचा पूर्ण ताकदीचा सूर सर्वांत अवघड मानला, तर अर्ध्या पायरीची चूक व्हायला क्षण सुमारे १२१ पिकोसेकंदांनी चुकावा लागतो. तेवढ्या वेळात प्रकाश साडेतीन सेंटिमीटर जातो. ही कागदावरची मर्यादा झाली. १९९८ मध्ये डॉल्बीच्या बेंजामिन आणि गॅनन यांनी श्रोत्यांवर चाचण्या केल्या. अनुकूल परिस्थितीत शुद्ध सुरावर जिटर कळायला सुमारे १० नॅनोसेकंद लागले आणि संगीतात त्याहून अधिक. म्हणजे कागदावरच्या मर्यादेच्या ऐंशी पटींहून जास्त. २००५ मध्ये जपानमधल्या अशिहारा आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात संगीतातला अनियमित जिटर ओळखायला तरबेज कानांनाही शेकडो नॅनोसेकंद लागले.

म्हणून तुम्हाला मनापासून सांगतो : घड्याळाच्या काळजीने महागडे खोके घेऊ नका. तुमच्या कानाला खुपते ती जमिनीची तक्रार आहे. पैसे आणि कष्ट तिच्यावरच खर्च करा.

काय करावे, या क्रमाने

एक : चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. वर्तुळ लहान होते आणि पुष्कळदा घरघर लक्षणीय कमी होते. याला काही खर्च नाही.

दोन : अ‍ॅम्प्लिफायरला किंवा लॅपटॉपला टीव्ही जोडला आहे का, ते पाहा. केबल टीव्हीची किंवा गच्चीवरच्या डिशची तार दुसऱ्या कुठल्यातरी जागी जमिनीला टेकलेली असते आणि दुसरे वर्तुळ बनवते. ती काढून ऐका. असे दुसरे वर्तुळ अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेल्या टीव्हीतून बनत असेल तर यूएसबी आयसोलेटर लावूनही घरघर राहते.

तीन : जाणत्या वायरमनकडून घरातले अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल किंवा जोड गंजला असेल, तर संगीताआधी माणसांसाठी ते दुरुस्त व्हायला हवे.

चार : तरीही आवाज उरला तर आयसोलेटर. घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. तो १२ मेगाबिटचा आहे की ४८० चा? आणि पलीकडे किती मिलिअँपिअर देतो? परत करण्याची मुभा असेल तरच घ्या.

पाच : लॅपटॉपला आणि डॅकला ऑप्टिकल खोबणी असेल तर त्या मार्गानेही घूंऽऽ थांबेल. लाल-पांढऱ्या केबलवर लावायचे स्वस्त ट्रान्सफॉर्मरही मिळतात. तेही वर्तुळ तोडतात, पण त्यांचा छोटा गाभा खर्जाच्या जोरदार सुरांना पुरत नाही आणि डग्ग्याचा घुमारा बिघडतो.

तोवर रात्री निवांत ऐकायचे असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. तंबोऱ्यांखाली काहीच नसले म्हणजे त्यांची जवारी किती खुलते, ते तुम्हाला आत्ताही ऐकता येईल.

याच विषयावरचे आणखी दोन प्रश्न

प्रश्न : माझ्या डॅकची पेटी उघडली तर आत दोन ऑसिलेटर दिसले. एकावर २२.५७९२ आणि दुसऱ्यावर २४.५७६ असे आकडे आहेत. दोन कशाला?

उत्तर : दोन कुळांसाठी. २२.५७९२ मेगाहर्ट्झ म्हणजे ४४,१०० ची ५१२ पट, आणि २४.५७६ मेगाहर्ट्झ म्हणजे ४८,००० ची ५१२ पट. सीडीचे कूळ ४४.१ चे, चित्रपट आणि व्हिडिओचे कूळ ४८ चे. या दोघांचे गुणोत्तर १४७ ला १६० असे असल्याने एका स्फटिकाला साध्या भागाकाराने दोन्ही देता येत नाहीत. ४४,१०० हा आडवळणी आकडा व्हिडिओ टेपमधून आला. सीडीच्या आधी डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत. एका ओळीत ३ नमुने, एका फील्डमध्ये, म्हणजे अर्ध्या चित्रात, वापरात येणाऱ्या २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करा, ४४,१०० येतात. युरोपच्या आणि आपल्या ५० फील्डांच्या पद्धतीत २९४ ओळी घेतल्या की तोच आकडा येतो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने तो कायमचा केला. तुमच्या पेटीतल्या त्या दोन डब्या आपापल्या कुळाचा ठेका धरतात.

प्रश्न : आम्ही गावातल्या जुन्या कीर्तनकारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतो. दोन यूएसबी माइक, एक माझ्या लॅपटॉपवर आणि एक मित्राच्या. सुरुवात जुळवली तरी तासाभराने दोन्ही आवाज पुढेमागे होतात. चूक कोणाची?

उत्तर : कोणाचीच नाही. प्रत्येक यूएसबी माइकच्या आत स्वतःचे घड्याळ असते आणि तो त्याच्याच लयीत नमुने घेतो. दहा लाखांत ५० चा फरक पडला तर तासाभरात ०.१८ सेकंदाची तफावत होते, आणि एकाच खोलीतले दोन माइक एवढे सरकले की स्पष्ट प्रतिध्वनी ऐकू येतो. आतापर्यंतची मुद्रणे वाया गेलेली नाहीत. सुरुवातीला आणि शेवटी वाजलेली एखादी टाळी किंवा टाळाचा ठोका दोन्हींत शोधा, आणि संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका मुद्रणाची लांबी दुसऱ्याइतकी करून घ्या. पुढच्या वेळी मात्र दोन साधे माइक आणि दोन इनपुट असलेला एकच यूएसबी इंटरफेस वापरा. कीर्तनकार म्हातारे आहेत, त्यांची मुलाखत पुन्हा मिळेलच असे नाही. त्यांच्या प्रत्येक शब्दाला एकाच घड्याळाचा ठोका लाभू द्या.